सावलीवरून उन्हाची पारख

मेच्या मध्यास केजच्या एखाद्या मैदानात भर दुपारी उभे राहा. तुमची सावली पायांखाली नाहीशी होईल. केज सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे तेव्हा, आणि पुन्हा जुलैअखेर, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. किरणांचा वातावरणातील मार्ग आखूड होतो, ओझोन वायू त्यांना कमी अडवतो आणि अधिक जंबुपार (अतिनील) किरण जमिनीवर पोहोचतात.

उन्हाने त्वचा पोळते ती उष्णतेमुळे, असे आपल्याला वाटते. खरे कारण निराळे आहे. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांच्या एकेका प्रकाशकणात पेशीतील डीएनए बिघडवण्याइतकी ऊर्जा असते. बहुतेक बिघाड पेशी स्वतःच दुरुस्त करते. उरलेले दोष वर्षानुवर्षे साचले, तर कर्करोग उद्भवू शकतो.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे किरण शोषून घेते. म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा रोग कमी आढळतो. पण जन्मतःच ज्यांच्या त्वचेत मेलॅनिन अत्यल्प असते, त्यांना मोठा धोका असतो. वर्गात असा मित्र असेल, तर कवायतीच्या वेळी त्याला सावलीत जागा द्या.

ऊन हे एकमेव कारण मात्र नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह घट्ट धोतराच्या सततच्या घर्षणाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सावली तुमच्या उंचीहून आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे. टोपी किंवा फेटा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. आणि घरात कुणाची जखम महिनाभरातही भरली नसेल, तर तिला घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.