बेट दिसतं, पण उतरता येत नाही

मंडळी, वाशिमहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. मग जहाजावरच्या आजारपणाचा विषय आज आपण इथे का घेतोय? कारण २०२० च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून परतलेल्या आपल्याच पोरांना आपण गावातल्या शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवलं होतं. घर समोर दिसतंय आणि जाता येत नाही, ही अवस्था आपल्याला माहीत आहे. समुद्रावरची माणसं ती कितीतरी पिढ्या भोगत आलीत.

आपण मॉरिशसचं उदाहरण घेऊ. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे करारावर, मजूर जाऊ लागले. बहुतेक जहाजं कलकत्त्याहून सुटत. पण मुंबई बंदरातूनही जात, आणि त्यांत कोकणातली पुष्कळ मराठी माणसं होती. आज तिथे शाळेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. शिडाच्या जहाजाला तिथे पोचायला आठवडेच्या आठवडे लागत.

जानेवारी १८५६ मध्ये कलकत्त्याहून ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही दोन जहाजं आली. त्यांवर पटकी, म्हणजे कॉलरा होता. दोनच वर्षांपूर्वी मॉरिशसमध्ये पटकीने हजारो माणसं मेली होती, त्यामुळे बेटावरचे लोक घाबरलेले. प्रवाशांना पोर्ट लुईला उतरू दिलं नाही. उत्तरेकडच्या गॅब्रिएल नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरवलं. तिथे धड निवारा नाही, पुरेसं पाणी नाही. समोर मॉरिशसचा किनारा दिसतोय, आणि इकडे माणसं शेकड्यांनी मेली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं.

आता हे नीट समजून घेऊ. पटकीचा जंतू पोटात गेला की काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत जुलाब सुरू होतात. मग आठवड्यांच्या प्रवासात तो आजार वाटेतच संपायला नको होता का? नाही. कारण जहाजावर सगळे एकाच साठ्यातलं पाणी पितात, जागा अपुरी, एकाची घाण दुसऱ्याच्या हाताला. एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला, अशी साखळी चालूच राहते.

आणि पटकीत माणूस मरतो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. जोराची पटकी असेल तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी जातं बरं का! म्हणजे गॅब्रिएल बेटावर त्या लोकांना सगळ्यात जास्त गरज होती ती स्वच्छ पाण्याची, आणि नेमकं तेच तिथे कमी होतं. समुद्राचं पाणी पिऊन चालत नाही. ते इतकं खारट की अंगातलं उरलेलं पाणीही ओढून नेतं. एक लिटर पिण्याचं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे आज आपल्या आशाताई घरोघरी सांगतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य माणसं वाचवली. १८५६ मध्ये साखरेच्या बेटासमोर माणसं मरत होती, आणि साखर-मिठाचा हा मेळ कुणाला ठाऊक नव्हता.

बेटवाल्यांची भीती खोटी होती का? आम्हाला तसं वाटत नाही. १८६६ ते ६८ मध्ये तिथे हिवतापाची साथ आली, हजारो माणसं गेली. त्याआधी हिवताप त्या बेटाला माहीतच नव्हता. पण एक लक्षात घ्या, आजाऱ्याला किनाऱ्यापासून अडवता येतं, डासाला नाही. मुळात अडवायचंच असेल तर अडवलेल्याला पाणी, छप्पर आणि वैद्य देणं ही अडवणाऱ्याची जबाबदारी ठरते. आमचा आक्षेप आहे तो ही जबाबदारी टाळण्यावर.

आजही परदेशी बंदरात शिरताना जहाज पिवळा झेंडा लावतं. पूर्वी पिवळा रंग म्हणजे ‘आमच्यावर रोग आहे’ अशी खूण होती. आता अर्थ उलटा झालाय: ‘जहाज निरोगी आहे, आत येऊ द्या.’ सोबत कप्तानाला आरोग्याचं निवेदन भरावं लागतं, कुणाला ताप, कुणाला जुलाब, वाटेत कुणी वारलं का. बेटाबेटांतून फिरणाऱ्या लहान शिडाच्या नावेवर तर डॉक्टर नसतोच. डेंग्यू, हिवताप, प्रवाळावर कापून चिघळलेली जखम, विषारी झालेला मासा, यातलं काहीही झालं तरी भिस्त रेडिओवरच्या सल्ल्यावर. रोममधलं एक केंद्र १९३५ पासून असा सल्ला फुकट देतं. पण सलाइन काही रेडिओतून येत नाही, त्यासाठी उतरावंच लागतं. आणि खरं लिहिलं तर उतरू देणार नाहीत, या धास्तीने ताप लपवला जातो.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार आजाराच्या कारणावरून जहाजाला सरसकट बंदर नाकारायचं नसतं. तरीही २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकून होते. त्यांत भारतीय पोरं पुष्कळ होती.