आपल्या रानातला प्रयोग : खरा कसा करावा?



लागणीचे दिवस आले की पारावर आणि बांधावर एकच बोलणे चालते. "अमक्यानं ते औषध सोडलं, फुटवा काय आलाय बघा जाऊन!" ऐकणारा दुसऱ्या दिवशी दुकानात जातो आणि बाटली घेऊन येतो. ज्याला गुण आला तो दहा जणांना सांगतो. ज्याला काहीच गुण आला नाही तो मात्र गप्प बसतो, कारण पैसे फुकट गेले हे चारचौघांत कोण सांगणार? त्यामुळे आपल्या कानावर गुण आल्याच्याच गोष्टी येतात आणि उसाचा खर्च वर्षाला वाढत जातो.

याला उपाय एकच, आपल्या रानात आपणच पारख करणे. "आम्ही प्रयोग करतोच की," असे पुष्कळ सभासद म्हणतील. करतो, हे खरे. पण तो प्रयोग खरा असतो का, हा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाची फजिती आधी सांगतो, म्हणजे मुद्दा लवकर ध्यानात येईल.

उकिरड्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून उसाच्या वाढीचे एक टॉनिक घेतले होते. बाटली महाग म्हणून विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांतच फवारले. तोडणीला त्या दहा गुंठ्यांतला ऊस बाकीच्या रानापेक्षा उघड उघड सरस होता. कांडी जाड, पेरे लांब. गावभर सांगत सुटलो. माझे ऐकून भावकीतल्या तिघांनी तेच टॉनिक आणले. पुढच्या वर्षी मी स्वतः सगळ्या चार एकरांवर ते फवारले. उतारा निघाला तो नेहमीइतकाच. भावकीचीही तीच रड.

चुलते हसले. म्हणाले, "अरं बाळ, त्या विहिरीकडंच्या तुकड्यात तुझ्या आज्ज्याच्या वक्ताला उकिरडा हुता. तिथं तू नुसतं पाणी जरी मारलं असतंस तरी ऊस तसाच आला असता. आम्हाला इचारायचं तरी!"

चूक टॉनिकची होती की नव्हती, हे आजही सांगता येणार नाही, आणि खरी चूक तीच आहे. चांगल्या जमिनीत औषध मारले, हलकी जमीन बिनऔषधाची ठेवली आणि दोघांची तुलना केली. जो फरक दिसला तो औषधाचा की उकिरड्याचा, हे वेगळे काढण्याची सोयच ठेवली नाही. असा प्रयोग न केलेला बरा, कारण तो आपल्याबरोबर शेजाऱ्यालाही खड्ड्यात नेतो.

शास्त्रज्ञांपुढेही हाच पेच होता

ही अडचण आपलीच आहे असे समजू नये. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८४३ साली जॉन लॉज यांनी खतांचे प्रयोग सुरू केले. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाच्या पट्ट्या पाडून एकीला शेणखत, एकीला रासायनिक खत आणि एका पट्टीला काहीच नाही, असे ठरवले. तो प्रयोग आजही चालू आहे. 'काहीच न दिलेली' पट्टी मुद्दाम राखणे हे त्यातले मोठे शहाणपण. ती नसेल तर तुलना कशाशी करणार?

पण जमीन सगळीकडे सारखी नसते हा पेच उरलाच. १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रॉथॅमस्टेडला आले आणि त्यांनी त्यावर तोड काढली. ती अशी, की एकाच पट्टीवर भरवसा ठेवू नका, तोच प्रयोग अनेक पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा करा. आणि कोणत्या पट्टीला खत द्यायचे हे आपल्या मनाने ठरवू नका, चिठ्ठी टाकून ठरवा. मनाने ठरवू लागलो की नकळत चांगली जागा खताला जाते. चिठ्ठीला मात्र कुठे उकिरडा होता हे ठाऊक नसते.

हाच विचार आपल्या देशातील शेतीत रुजवणाऱ्यांत एक नाव आपल्या मातीतले आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने ठरत असे. पीक किती आणे आहे, ते बघून सांगायचे. डॉ. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करताना, चिठ्ठीसारख्या पद्धतीने शेत निवडून त्यातला मोजका तुकडा प्रत्यक्ष कापून वजन करायचे, ही पद्धत शास्त्रशुद्ध करून देशभर नेली. आज पीक विम्याच्या वेळी आपण ज्याला 'पीक कापणी प्रयोग' म्हणतो त्याचे मूळ या कामात आहे. डॉ. विनायक गोविंद पानसे आणि डॉ. सुखात्मे यांनी शेतीतील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि शेतकी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

आपण लावतो त्या बेण्यामागेही हीच चाळणी आहे. ८६०३२ ही जात आपण सगळे ओळखतो. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे १९८६ साल, आणि पुढचा ३२ हा त्या वर्षीच्या निवडीतला क्रमांक. १९१२ साली स्थापन झालेल्या कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची ही जात महाराष्ट्रात लागणीसाठी शिफारस झाली १९९६ साली. मधली दहा वर्षे ती निरनिराळ्या रानांत, शेजारी जुन्या जाती लावून, पुन्हा पुन्हा तोलली गेली. पाडेगावच्या '२६५'चा पुरा क्रमांक ०२६५. त्यातले ०२ म्हणजे २००२ साल. ती आपल्या हाती आली २००७ मध्ये. एका बेण्यासाठी संशोधक पाच-दहा वर्षे थांबतात. आपण मात्र एका बाटलीचा निकाल एका तुकड्यावरून लावतो!

आता आपल्या रानात

उदाहरणादाखल एक प्रश्न घेऊ. तो आपल्या भागात घरोघरचा आहे. शिफारशीइतके खत देऊन झाल्यावर मोठ्या बांधणीला एकरी चार पोती युरिया जादा टाकण्याची पुष्कळांना सवय आहे. या जादा युरियाने खरोखर टनेज वाढते का?

१. जागा. साडेचार फुटी सरी असेल तर पाच सऱ्यांची एक पट्टी धरावी, म्हणजे साडेबावीस फूट रुंदी. लांबी ९७ फूट ठेवावी. ही पट्टी दोन गुंठ्यांची होते. अशा आठ पट्ट्या लागतील, म्हणजे अवघे सोळा गुंठे. कडेच्या बांधाची, झाडाच्या सावलीची आणि पाटाला लागून असलेली जागा सोडावी.

२. जोड्या. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा चार जोड्या पाडाव्यात. शेजारच्या पट्ट्यांची जमीन बहुधा सारखी असते, म्हणून तुलना जोडीतल्या जोडीतच करायची.

३. नाणेफेक. प्रत्येक जोडीसाठी वेगळे नाणे उडवावे. छापा पडला तर डावीकडच्या पट्टीला जादा युरिया, काटा पडला तर उजवीकडच्या. 'ही पट्टी बरी दिसते' म्हणून नाणे पुन्हा उडवायचे नाही. खुंट्या ठोकून वहीत नकाशा काढून ठेवावा. तोडणीपर्यंत वर्ष जाते आणि कोणती पट्टी कोणती हे कुणाच्याही ध्यानात राहत नाही.

४. एकच फरक. बेणे, लागणीची तारीख, पाणी, भांगलण, बाकीचे खत सगळे सारखे. फरक फक्त जादा युरियाचा. एकरी चार पोती, म्हणजे ४५ किलोच्या पोत्याप्रमाणे १८० किलो. दोन गुंठ्यांच्या पट्टीला त्यातून नऊ किलो येतो. तो तोलून टाकावा, अंदाजाने नव्हे, आणि लगेच मातीआड करावा. दोन कामे एकदम बदलली, जादा युरियाही टाकला आणि टॉनिकही मारले, तर कशाने काय झाले हे देवालाच ठाऊक.

५. वजन. कडेच्या सऱ्यांची मुळे शेजारच्या पट्टीतले खत खातात. म्हणून दोन्ही कडांची एकेक सरी सोडून मधल्या तीनच सऱ्या तोलायच्या. दोन्ही टोकांना साधारण आठ-आठ फूट सोडून मधली ८० फूट ८ इंच लांबी घ्यावी. साडेतेरा फूट रुंद आणि एवढा लांब तुकडा बरोबर एक गुंठा भरतो. मोळ्या बांधून वजन करावे. त्याला ४० ने गुणले की एकरी उतारा निघाला. तोडणीवाल्या टोळीला आधी सांगावे आणि जादा कामाचे चार पैसे द्यावेत, नाहीतर आठही पट्ट्यांच्या मोळ्या एकाच गाडीत चढतील आणि वर्षाची मेहनत वाया जाईल.

आकडे काय सांगतात

समजा, चार जोड्यांत जादा युरियाच्या पट्टीचे वजन साध्या पट्टीपेक्षा अनुक्रमे ३० किलो जास्त, २० कमी, ५० जास्त आणि २० कमी भरले. सरासरी काढली तर गुंठ्याला दहा किलो, म्हणजे एकरी ४०० किलो वाढ दिसते. पण यावर भुलू नये. दोन जोड्यांत वाढ, दोन जोड्यांत घट. हा जमिनीचा नेहमीचा कमी-जास्तपणा आहे, खताचा गुण म्हणता येत नाही.

आता समजा, चारही जोड्यांत वाढ आली, ६०, ७५, ५० आणि ७० किलो. सरासरी जवळजवळ ६४ किलो, म्हणजे एकरी अडीच टन. इथे दखल घ्यावी लागते. तरी एक हिशेब बघा. युरियात काहीच गुण नसेल, तर प्रत्येक जोडीत कोणती पट्टी वरचढ ठरेल हे नाणेफेकीसारखेच. मग नाणे चारदा उडवून चारही वेळा छापा पडावा असे नुसत्या नशिबाने सोळात एकदा होते. म्हणजे फसगतीची शक्यता थोडी उरतेच.

आणि इथेच सहकाराचा उपयोग आहे. शेजारच्या सभासदाने याच पद्धतीने चार जोड्या केल्या, आणि दोघांच्या मिळून आठही जोड्यांत वाढ दिसली, तर नशिबाने तसे होण्याची शक्यता २५६ मध्ये एकदाच. एकट्याच्या रानातून जे कळत नाही ते दोघांच्या रानांतून कळते. गटातल्या पाच जणांनी मनावर घेतले तर तो निकाल सगळ्या गटाला वापरता येईल. मात्र ज्याचा निकाल उलट आला त्यानेही तो सांगितला पाहिजे. गुण आला नाही, हीही मोलाची माहिती आहे. तिने पुढच्याचे पैसे वाचतात.

वजनाबरोबर गोडीही बघा

नुसते टनेज बघून भागत नाही. उशिरा दिलेल्या जादा नत्राने ऊस हिरवागार राहतो, पण पक्वता लांबते आणि रसातली साखर कमी राहू शकते. म्हणून तोडणीआधी प्रत्येक पट्टीतले, मधल्या सऱ्यांतले दहा ऊस घेऊन हात-रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स मोजावा. रसाचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे बघायचे की आकडा दिसतो. रसात विरघळलेले घन पदार्थ शंभर भागांत किती, हे तो आकडा सांगतो, आणि त्यात बहुतांश साखरच असते. बुडखा, मध्य आणि शेंडा तिन्ही ठिकाणचा रस घ्यावा. बुडख्याचा आणि शेंड्याचा आकडा जितका जवळ तितका ऊस पक्व.

याचे महत्त्व सभासदांना वेगळे सांगायला नको. आपल्याला दर मिळतो तो कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. माझ्या रानात जादा युरियाने गोडी घटली तर त्याचा तोटा माझ्या एकट्याच्या बिलात दिसत नाही. तो सगळ्या सभासदांच्या बिलांत थोडा थोडा वाटला जातो. म्हणून तो कुणालाच जाणवत नाही आणि सवय तशीच चालू राहते. शिवाय जादा पोत्यांचा खर्च आणि जमिनीवरचा भार आपलाच.

शेवटी

पाडेगाव, कोइमतूर, किंवा १९७५ साली ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांनीच मांजरी येथे उभारलेली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, या संस्थांचे काम आपल्यासाठी मोठे आहे. पण त्यांचे प्रयोग त्यांच्या जमिनीत होतात. तुमच्या चोपणाच्या पट्ट्यात, मुरमाड माळावर किंवा नदीकाठच्या काळ्या रानात तेच घडेल का, हे बघायला तुमच्याच रानात उतरावे लागते. त्याला पदवी लागत नाही. एक टेप, एक वही, काही खुंट्या, एक वजनकाटा आणि एक नाणे एवढे साहित्य पुरते. सर्वांत अवघड एकच गोष्ट, आठपैकी चार पट्ट्यांना काहीही जादा न देता वर्षभर हात आवरणे.

येत्या लागणीला ज्यांना हे करून बघायचे असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव सांगावे, म्हणजे एकाच प्रश्नावर दोघा-तिघांच्या पट्ट्या एकदम घालता येतील. आणि पट्ट्या आखण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला एकदा जरूर विचारावे, की पूर्वी उकिरडा कुठे होता.