रशियन कशासाठी शिकायचे?

गोंदियाच्या धान-बिडीच्या मुलखातल्या मुलाने वा मुलीने ‘रशियन घेऊन पदवी करतो’ म्हटले की घरचे विचारतात, पोटापाण्याचे काय? प्रश्न रास्त आहे. दुभाषी, भाषांतर, अध्यापन ही कामे आहेत, पण थोडी.

मात्र ‘ही भाषा आपल्यासाठी नाही’ ही समजूत खोटी आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतरची रशियनची पदवी मुळाक्षरांपासून सुरू होते. अक्षरओळखीपुरते तरी इंग्रजी शाळेतले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले एकाच रेघेवर उभे असतात. मुंबई विद्यापीठातही रशियनचा विभाग आहे. अक्षरे ३३, लिंगे मराठीसारखी तीन, विभक्ती सहा. कठीण जाते ते क्रियापद: ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढले’ यांसाठी तेथे निरनिराळी क्रियापदे लागतात.

भाषेबरोबर समाजही शिकायचा असतो. रशियातील भूदासप्रथा १८६१ साली उठली. पण सुटलेल्या शेतकऱ्यांना जमिनीचे हप्ते १९०७ साली रद्द होईपर्यंत भरावे लागले. जमिनीवाचून मुक्ती कशी अपुरी राहते, हे भूमिहीनांच्या पोरांना वेगळे सांगायला नको.

अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. पण पुतळा वाचता येत नाही. आपले साहित्य इंग्रजीचा वळसा न घेता मराठीतून थेट रशियनमध्ये न्यायचे, तर वस्तीची बोली आणि रशियन दोन्ही जाणणारी माणसे हवीत. ती आपल्यातूनच निघाली पाहिजेत.