विश्लेषण : स्कूबाचे जॅकेट निवडताना काय पाहाल?

पावसाळा संपला की मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग पुन्हा सुरू होते. जळकोटहून तिथे जायचे तर राज्य आडवे ओलांडावे लागते. एवढे जाऊन पाण्यात उतरताना अंगात चढवले जाणारे जॅकेट नेमके काय करते, हे माहीत असलेले बरे.

हे लाइफ जॅकेटच ना?

नाही. याला बॉयन्सी कॉम्पेन्सेटर किंवा थोडक्यात ‘बीसीडी’ म्हणतात. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा किंवा डबा बांधतात. तो फक्त तरंगवतो. बीसीडीमध्ये एक बटण दाबले की सिलिंडरमधली हवा भरते, दुसरे दाबले की सुटते. हवेचे प्रमाण साधले, की माणूस पाण्यात अधांतरी राहतो. मात्र बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्यावर राहीलच, याची हमी हे जॅकेट देत नाही.

धोका कुठे असतो?

वर येताना. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे जॅकेटमध्ये असलेली २ लिटर हवा वर येईपर्यंत ४ लिटर होते. ती वाटेत सोडत आले नाही, तर माणूस फुग्यासारखा सुसाट वर येतो. त्यात श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकते. म्हणूनच हवा सोडण्याचे बटण आणि व्हॉल्व्ह न बघता हाताला सापडले पाहिजेत. दुकानात रंग आणि खिसे नंतर पाहा, आधी हे पाहा.

कोणता प्रकार घ्यावा?

नवशिक्यासाठी कुशीत आणि पाठीत हवा भरणारे साधे जॅकेट सोयीचे. ते पृष्ठभागावर उभे धरते. फक्त पाठीत हवा भरणारे पाण्याखाली आडवे पोहायला छान, पण वर आल्यावर पुढे झुकवते. पोहण्याचा सूट घालूनच माप घ्या. हवा पूर्ण भरल्यावर श्वास कोंडू नये आणि रिकामे असताना जॅकेट खांद्यावर सरकू नये.

विकत घ्यावेच का?

वर्षातून एकदा जाणाऱ्याने मुळीच नको. पर्यटकांच्या डाइव्हमध्ये जॅकेट भाड्याचे असते आणि प्रशिक्षक सोबत असतो. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर अभ्यासक्रम होतो. तो केल्यावरही पहिला खर्च चेहऱ्याला नीट बसणाऱ्या मास्कवर करावा, असे आमचे मत. जॅकेट घेतले तर प्रत्येक वेळी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावे लागते. मीठ साचून बटण अडकले, की हवा आपोआप भरत राहते.

भाड्याच्या जॅकेटचीही हीच तपासणी बोटीवर करून घ्या. हवा गच्च भरायला सांगा, फुसफुस ऐकू येते का पाहा, दोन्ही बटणे दाबून ती सहज परत वर येतात का तपासा. शंका आली तर दुसरे जॅकेट मागा.