पोकळीतील प्रारण आणि अणूंची मोजदाद

बारावीच्या भौतिकशास्त्रात कृष्णवस्तूच्या प्रारणाचे दोन नियम येतात. तापलेली कृष्णवस्तू दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर टाकते, हे स्टेफानचा नियम सांगतो: ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. प्रारण कोणत्या तरंगलांबीला सर्वांत तीव्र असते, हे वीनचा नियम सांगतो: ती तरंगलांबी आणि तापमान यांचा गुणाकार नेहमी तेवढाच येतो. दोन नियमांचे दोन स्थिरांक, एसआय एककांत ५.६७ × १०⁻⁸ आणि २.८९८ × १०⁻³. विद्यार्थी ते पाठ करतात, उदाहरणांत घालतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मीही तेच केले. या दोन आकड्यांतून अणू मोजता येतात, हे मला फार उशिरा कळले.

स्टेफानने आपला नियम १८७९ मध्ये मांडला, वीनने १८९३ मध्ये. पण स्थिरांकांच्या किमती नेमक्या एवढ्याच का, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. १४ डिसेंबर १९०० रोजी माक्स प्लांकने बर्लिनमध्ये प्रारणाचे आपले सूत्र सिद्ध करून दाखवले. त्यात प्रकाशाच्या वेगाखेरीज (सी) दोनच स्थिरांक होते: ऊर्जेच्या पुंजाचा ‘एच’ आणि तापमानाचे ऊर्जेत रूपांतर करणारा ‘के’. या ‘के’ला आपण बोल्ट्झमनचे नाव देतो, पण तो प्रथम लिहिला प्लांकनेच.

या सूत्रातून जुने दोन्ही स्थिरांक बाहेर पडतात:

वीनचा स्थिरांक = (एच × सी) ÷ (४.९६५ × के)

स्टेफानचा स्थिरांक = ४०.८ × के⁴ ÷ (एच³ × सी²)

४.९६५ आणि ४०.८ हे निव्वळ गणिताने आलेले आकडे आहेत, त्यांत मोजमाप काही नाही. पहिल्या समीकरणाचा अर्थ सरळ आहे: प्रारण जिथे सर्वांत तीव्र, त्या तरंगलांबीच्या एका पुंजाची ऊर्जा ‘के गुणिले तापमान’ याच्या सुमारे पाचपट असते.

आता समीकरणे दोन आणि अज्ञात राशीही दोनच. हे गणित फळ्यावर जरूर करून पाहावे, दहा मिनिटांत होते. पहिल्या समीकरणातून एच ÷ के = ४.८० × १०⁻¹¹ मिळते. ही किंमत दुसऱ्यात घातली की के = १.३८ × १०⁻²³, आणि मग एच = ६.६२ × १०⁻³⁴. पुढची पायरी तर आणखी मजेची. वायू स्थिरांक ८.३१४ ला ‘के’ने भागा, ॲव्होगॅड्रो संख्या ६.०२ × १०²³ हाती येते. विद्युत् अपघटनातून रसायनशास्त्रज्ञांना माहीत असलेल्या ९६,५०० कूलंबला या संख्येने भागा. इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६० × १०⁻¹⁹ कूलंब.

प्लांकनेही हेच केले. त्याला मिळालेला प्रभार आजच्या एककांत १.५६ × १०⁻¹⁹ होता, तर त्या वेळी जे. जे. थॉमसनच्या प्रयोगाची किंमत सुमारे २.२ × १०⁻¹⁹ होती. अणू खरोखर असतात की नाही यावर ओस्टवाल्ड आणि माख यांच्यासारखे मोठे लोक शंका घेत होते, त्या काळातली ही गोष्ट! प्रारणाच्या मोजमापातून मिळालेला आकडा अधिक बरोबर होता, हे पुढे रदरफर्ड–गायगर (१९०८) आणि मिलिकन यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले.

यात नशिबाचाही थोडा हात होता. ‘के’ काढताना वीनच्या स्थिरांकाचा घन घ्यावा लागतो, म्हणजे त्यातली एक टक्का चूक तीन टक्के होते. प्लांकने वापरलेली वीनच्या स्थिरांकाची किंमत सुमारे दीड टक्का जास्त होती, तर एकूण प्रारणाची, म्हणजे स्टेफानच्या स्थिरांकाची, सहा-सात टक्के कमी. दोन चुकांनी एकमेकींना बरेचसे खोडले आणि ‘के’ अडीच टक्केच कमी आला, ‘एच’ तर जेमतेम एक टक्का.

२० मे २०१९ पासून एच, के, इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि ॲव्होगॅड्रो संख्या यांच्या किमती व्याख्येनेच ठरवून दिल्या आहेत. प्रकाशाचा वेग १९८३ पासूनच तसा आहे. त्यामुळे स्टेफानचा स्थिरांक आता हवे तितके दशांश घेऊन कागदावर काढता येतो. प्रयोगशाळेत कोणाला तो वेगळा मिळाला, तर दोष तापमापकात शोधावा लागतो, नाहीतर पृष्ठभाग पुरेसा काळा नाही असे समजावे लागते.