नऊ बोटांचे प्रथिन

बेडकाचे अंडे ते केवढे! झेनोपस या दक्षिण आफ्रिकेतील नखवाल्या बेडकाचे अंडे जेमतेम सव्वा मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे असते. पण ते फलित झाले, की सुमारे सात तासांत त्याच्या 4,000 पेशी होतात. या धावपळीच्या काळात गर्भ स्वतःची जनुके जवळजवळ वापरीतच नाही. आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवरच त्याचे भागते.

या शिदोरीत रायबोसोमांचा मोठा साठा असतो. रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणारे सूक्ष्म कारखाने. एका अंड्यात ते सुमारे एक लाख कोटी असतात. प्रत्येकाला ‘5 एस आर.एन.ए.’ नावाचा 120 दुव्यांचा एक रेणू लागतो. इतके रेणू तयार करायचे, तर जनुकेही भरपूर हवीत. म्हणून झेनोपसच्या गुणसूत्रांच्या एका संचात या रेणूची सुमारे 20,000 जनुके अंडपेशीसाठी राखीव असतात. शरीरातील इतर पेशींचे काम वेगळ्या सुमारे 400 जनुकांवर चालते.

आता खरा प्रश्न येतो. ही 20,000 जनुके बेडकाच्या त्वचेच्या आणि यकृताच्या पेशींतही असतातच. मग तेथे ती गप्प का बसतात? त्यांना जागे कोण करते आणि झोपवते कोण?

1980 साली अमेरिकेत सेंट लुइस येथे रॉबर्ट रोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंडपेशींतून एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव ‘टी.एफ. तीन-ए’. ते 5 एस जनुकाच्या मध्यभागीच जाऊन बसते आणि मगच त्या जनुकावरून आर.एन.ए.ची प्रत काढता येते. अशा प्रथिनाला प्रतिलेखन-घटक म्हणतात. त्याच वर्षी बाल्टिमोर येथे पेलहॅम आणि डोनाल्ड ब्राउन यांना दिसले, की हेच प्रथिन तयार झालेल्या 5 एस आर.एन.ए.लाही धरून ठेवते. म्हणजे जनुक आणि जनुकाची प्रत, दोन्ही एकाच्याच मुठीत! प्रती साठत गेल्या, की प्रथिन त्यांच्यातच गुंतते आणि जनुकांसाठी कमी उरते.

पण ते डी.एन.ए.चा सुमारे 50 दुव्यांचा लांब पट्टा पकडते कसे? उत्तर मिळाले 1985 साली, इंग्लंडमधील केंब्रिज येथे. मिलर, मॅकलॅक्लन आणि आरोन क्लुग यांनी या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम बारकाईने पाहिला. सुमारे 30 अमिनो आम्लांचा एकच नमुना त्यात नऊ वेळा येत होता: आधी दोन सिस्टीन, मध्ये इतर बारा आम्ले, शेवटी दोन हिस्टिडीन. प्रथिन आणि आर.एन.ए. यांच्या एका जोडकणात जस्ताचे 7 ते 11 अणू सापडले, तेव्हा कोडे उलगडले. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू घट्ट धरतात. मधली साखळी त्यामुळे वळते आणि एका बोटाचा आकार घेते. अशी नऊ बोटे ओळीने असलेले हे प्रथिन! ‘जस्त-बोट’ हे नाव त्यावरूनच पडले.

पुढे स्फटिकांच्या अभ्यासातून दिसले, की सर्व बोटे सारखे काम करीत नाहीत. पहिली तीन डी.एन.ए.च्या रुंद खाचेत शिरून त्यावरील अक्षरे ‘चाचपतात’. चौथे आणि सहावे बोट पुलासारखे पट्ट्यावरून पलीकडे जाते. 5 एस आर.एन.ए. पकडण्याचे काम मात्र मुख्यतः चौथ्या ते सहाव्या बोटांचे.

आता गर्भाकडे परत येऊ. अंडे फलित झाल्यावर पेशी वाढत जातात आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला हे प्रथिन फार थोडे येते. शरीरपेशींच्या 400 जनुकांवर त्याची मांडणी टिकून राहते. अंडपेशीच्या जनुकांवरून ती सहज सुटते. मग प्रथिन मुद्दाम वाढवले तर? अँड्र्यूज आणि ब्राउन यांनी 1987 साली नेमके हेच करून पाहिले. गर्भात अंडपेशीची जनुके खरोखर जागी झाली, पण थोडाच वेळ! प्रथिन भरपूर असूनही ती पुन्हा झोपली. याचा अर्थ, त्यांना गप्प करणारे आणखी कोणी तरी होते. 1994 साली त्यातला एक मुख्य भागीदार सापडला. तो म्हणजे डी.एन.ए.ला आवळून ठेवणारे ‘एच-1’ हे हिस्टोन प्रथिन. गर्भ वाढतो तसे तेही वाढते आणि बोटांना जनुकापर्यंत पोचू देत नाही.

बेडकाच्या अंड्यात प्रथम दिसलेली ही बोटे पुढे यीस्टपासून माणसापर्यंत सर्वत्र आढळली. माणसात तर अशा बोटांची सुमारे 700 प्रथिने आहेत. आपल्या आहारात जस्ताचा अंश का लागतो, याच्या अनेक उत्तरांपैकी हे एक. जनुके हा शरीराचा ग्रंथ खरा. पण त्याचे कोणते पान केव्हा उघडायचे, हे ठरवण्यात या बोटांचा मोठा वाटा आहे.