पोटातला मुका फुगवटा

‘डॉक्टर, रक्त तपासले की सगळेच कळते ना?’ लोणखेड्यातील माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ मंडळी हा प्रश्न नेहमी विचारतात. साखर किंवा हिमोग्लोबिनपुरते ‘हो’ म्हणता येते. एका आजाराबाबत मात्र ‘अजून नाही’ असेच सांगावे लागते. तो आजार म्हणजे महाधमनीचा फुगवटा, अर्थात एन्युरिझम.

हृदयातून निघून छाती-पोटातून खाली उतरणारी महाधमनी ही आपली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. भिंत कमकुवत होऊन ती ३ सेंटिमीटर वा अधिक झाली, की त्यास एन्युरिझम म्हणतात. तो बहुधा दुखत नाही. फुटला तर मात्र बहुतेक रुग्ण दगावतात. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या अशाच फुगवट्याला १९४८ साली शस्त्रक्रिया करून सेलोफेनचे वेष्टन घातले होते. १९५५ साली तोच फुटून त्यांचे निधन झाले.

या मुक्या आजाराची चाहूल रक्तातून घेता येईल का, याचा शोध जगभर चालू आहे. धमनीच्या भिंतीला लवचिकपणा देते इलॅस्टिन आणि बळकटी देते कोलॅजेन. काही विकरे या दोन्ही प्रथिनांचे तुकडे करतात. ही विकरे व ते तुकडे रक्तात उतरतात. फुगवट्याच्या आत रक्त साकळते, त्यामुळे डी-डायमर नावाचा घटकही वाढतो. अडचण अशी, की डी-डायमर जंतुसंसर्गात, शस्त्रक्रियेनंतर, किंबहुना नुसत्या वाढत्या वयानेही वाढतो. म्हणून एकाच प्रथिनावर विसंबून न राहता अनेक प्रथिनांचा एकत्रित ठसा शोधण्याकडे संशोधकांचा कल आहे. तोवर केवळ रक्तावरून या आजाराचे निदान करण्याचा दावा कोणी केला, तर त्यासाठी पैसे खर्च करू नका.

मग आज काय करावे? साधी पोटाची सोनोग्राफी पुरेशी आहे. ती वेदनारहित असते व त्यात क्ष-किरण नसतात. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी ही तपासणी देऊ केली जाते. आपण पासष्टी ओलांडलेले पुरुष असाल, कधीकाळी विडी-सिगारेट ओढली असेल, अथवा वडिलांना वा भावाला हा आजार झाला असेल, तर आपल्या डॉक्टरांकडे एकदा हा विषय अवश्य काढावा. अन्य कारणाने सोनोग्राफी होणार असेल, तर ‘महाधमनीही पाहा’ एवढे सांगावे.

फुगवटा आढळला तरी घाबरू नये. लहान असल्यास ठरावीक काळाने मोजमाप, रक्तदाबावर नियंत्रण आणि धूम्रपानाचा त्याग एवढेच पुरते. पुरुषांत साधारण ५.५ सेंटिमीटरला पोहोचल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

घरच्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वडीलधाऱ्यांच्या पोटात वा पाठीत अचानक तीव्र कळ येऊन घाम फुटला, भोवळ आली, तर ‘मुतखडा असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची तपासणी येईल तेव्हा येईल; तोवर घरातल्यांची जागरूकता हाच आधार आहे.